त्रेसष्ट हिरवे खडे

यकृत हा आत्म्याचा आरसा आहे, असं प्राध्यापक वेलिझार यांनी आमच्या गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जाहीर केलं, आणि दीडशे माणसांनी माना डोलावल्या. मग त्या आरशातून काय बाहेर पडलं ते बघायला सगळे टेबलाकडे सरकले. टेबलावर भाजलेल्या मिरचीच्या चटणीच्या रिकाम्या बरण्या होत्या आणि त्यांत वाटाण्याएवढे हिरवे खडे. प्रत्येक बरणीवर नाव आणि खड्यांचा आकडा. पहिला नंबर माझ्या दाजींचा: रादिसाव, त्रेसष्ट.

वेलिझार कसले प्राध्यापक, हे कोणी विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते शिवणयंत्रं विकत.

"बंधूंनो, जुनी चरबी लिव्हरमध्ये दगड होऊन बसते," ते सांगत होते. "डॉक्टर म्हणतात, खाणं सोडा. मी म्हणतो, दगड सोडा. मग काय हवं ते खा."

आमच्या गावात घरटी दोन डुकरं आहेत. इथे असं बोलणारा माणूस निवडणूकही जिंकेल.

दाजींचं दुखणं जरा अपमानकारक होतं. गावात आलुबुखारांची राकिया, म्हणजे घरी गाळलेली दारू, न पिणारा हा एकच पुरुष, आणि लिव्हर बिघडलं ते नेमकं यांचं. पारावर बसावं तसं आमच्याकडे खाणावळीच्या ओसरीवर लोक बसतात. तिथे कोणी ना कोणी टोमणा मारायचंच, "रादिसाव, चोरून पीत होतास तर आम्हाला तरी बोलवायचंस." दाजी प्यायचे रास्पबेरीचं सरबत, दिवसाला दोन लिटर. आणि पावावर लोण्याऐवजी डुकराची चरबी.

शहरातल्या डॉक्टर कोस्तिनबाईंकडे मीच त्यांना नेलं होतं. त्यांच्याकडचं एक यंत्र लिव्हर किती कडक झालंय ते मोजतं. चारपैकी तिसरी पायरी निघाली.

"मी थेंबसुद्धा घेत नाही," दाजी म्हणाले.

"लिव्हरला तुमचं चारित्र्य कळत नाही," बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. त्या दिवशी हे वाक्य त्यांनी बहुधा पाचव्यांदा म्हटलं असावं. "जास्तीची साखर आली की ते तिची चरबी करून पेशींत साठवतं. मावेनाशी झाली की पेशी आजारी पडते, मरते. मरताना शरीराच्या पहारेकऱ्यांना हाक मारते. ते येतात, हाणामारी होते. तो दाह. मग दुरुस्तीवाल्या पेशी येतात आणि धागे टाकून भोक बुजवतात, रफू केल्यासारखं. एकाच मोज्याला रोज रफू करत राहिलात तर काय होईल?"

"मोजा उरणार नाही. रफूच उरेल."

"तेच. आणि रफूतून रक्त नीट जात नाही. चौथ्या पायरीवरून परतणारे थोडे. तिसरीवरून परतता येतं. वजन दहा टक्के उतरवा, सरबत बंद."

"दुखत तर काहीच नाही."

"दुखलं असतं तर तुम्ही आधी आला असता."

दाजी वेलिझारकडे गेले. त्यांचा काढा असा: रात्री जुलाबाचं मीठ, अर्धा पेला ऑलिव्हचं तेल, वर लिंबाचा रस. सकाळी त्रेसष्ट खडे. दुपारी त्यांनी निर्मळ मनाने तळलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे खाल्ले. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये आता फक्त त्यांचं ताट होतं.

मी शाळेत सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. त्या दिवशी हॉलमध्ये दाजींची बरणी उजेडात धरून मी म्हणालो, "पित्ताचे खडे असतील." माझ्या देसांकाताईने एक खडा उचलून बोटांत चुरला.

"अरे स्लाव्को, हा साबण आहे. बिघडलेला."

दर नोव्हेंबरात डुकरं कापल्यावर उरलेली चरबी आणि कॉस्टिक सोडा कढईत रटरटवून आमच्याकडच्या बायका वर्षाचा साबण करतात. निम्मं गाव साबण ओळखतं, आणि त्याच निम्म्या गावाच्या बरण्या टेबलावर होत्या. पोटातल्या पाचक रसांनी तेल फुटतं, त्यात जुलाबाच्या मिठातला क्षार मिसळतो, वर पित्ताचा हिरवा रंग चढतो. कढई तेवढी वेगळी.

"साबण झाला की नाही हे आम्ही जिभेला लावून बघतो," ताई म्हणाली. "या वेळी ती पायरी राहू दे."

पुढच्या गुरुवारी ती हॉलमध्ये आपली बरणी घेऊन उभी राहिली.

"प्राध्यापक, माझं लिव्हर मागच्याच महिन्यात तपासलंय. स्वच्छ आहे. तुमचा काढा घेतला, एक्केचाळीस खडे निघाले."

"लपलेले होते, भगिनी."

"मग परत घेतला, या वेळी बिनतेलाचा. मीठ तेच, लिंबू तेच. एकही नाही निघाला. लपून बसलेले तेलाला घाबरतात का?"

तिने थर्मासमधलं गरम पाणी बरणीत ओतलं. खडे विरघळले, वर तेलकट तवंग आला. पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी माझी कढई अशीच फसली होती."

"विज्ञानाला सगळं कळत नाही," वेलिझार म्हणाले.

"नाही कळत. साबण कळतो."

एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हणजे आमचं लिव्हर बरं झालं नाही?"

"नाही, काका," ताई म्हणाली.

लोक आपापल्या बरण्या उचलून निघाले. चांगली बरणी कोण टाकतं?

माझं म्हणणं एवढंच, की शरीरातून काही अद्भुत बाहेर पडलं तर आधी आत काय घातलं होतं ते आठवावं. मग ते न घालता एकदा करून बघावं. याला पदवी लागत नाही. मला पदवी आहे आणि मला सुचलं नव्हतं.

दाजी सोमवारी स्वतःहून डुकरं तोलायच्या काट्यावर उभे राहिले. गावात त्यांना पेलणारा दुसरा काटा नाही. एकशे तीस किलो भरले. म्हणजे तेरा उतरवायचे होते. पहिल्या महिन्यात दोन उतरले.