घंटी थांबली की

"घंटी थांबली की हात वर कर. बोलू नकोस. नुसता हात," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्याकडे बघत असेन."

नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार होता. आम्ही ज्वारीच्या पट्ट्याच्या टोकाशी उभे होतो. पक्ष्यांना आडोसा म्हणून पेरलेली आणि कधीच न कापलेली ती ज्वारी माझ्या डोक्यापेक्षा उंच होती. बाबांची सेटर जातीची शिकारी कुत्री, फर्न, आत शिरली की दिसेनाशी व्हायची. मागे उरायची ती फक्त तिच्या गळ्यातली घंटी. ती किणकिणत असेल तोवर फर्न वास काढत फिरते आहे. थांबली, की समोर फेजंट, रानकोंबड्यासारखा पक्षी, दबून बसला आहे आणि फर्न एक पाय उचलून दगडासारखी उभी आहे. मग वाटाड्याने तिच्यापर्यंत जायचं, बंदूकवाल्यांना दोन्ही अंगांना उभं करायचं आणि स्वतः गवतात पाय घालून पक्षी उडवायचा. विस्कॉन्सिनमधल्या त्या राखीव शिकाररानात बाबांनी एकतीस वर्षं हेच केलं. त्यांच्या हातात बंदूक कधीच नसायची.

मला त्यांनी मॅडिसनहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. फोनवर मला बोलूच दिलं नाही. "मारित, शनिवारी ये. डॉक्टर क्वाले येताहेत, तुझी आठवण काढतात," एवढं म्हणून फोन ठेवून दिला. आईला जाऊन वर्ष झालं होतं. मला वाटलं, घर खायला उठत असेल, सोबत हवी असेल.

हार्लन क्वाले आमच्या गावातले दातांचे डॉक्टर. दर वर्षी त्याच आठवड्यात ते यायचे. त्या वर्षी त्यांनी जावयाला, कर्टिसला आणलं होतं. कर्टिसची बंदूक नवी होती आणि टोपीसुद्धा नवी होती.

"काय रे अर्विड," डॉक्टर गाडीतून उतरतानाच म्हणाले, "यंदा उडणारे पक्षी आणलेस ना? गेल्या वर्षीचे चालत आले होते, हातात डबा घेऊन."

"त्या चालणाऱ्यालाही तू चुकवलास, हार्लन."

विनोद दरवर्षीचाच होता. डॉक्टरांचे ओठ हलले की बाबांना उत्तर देता येत होतं. पण हे मला तेव्हा कळलं नाही.

मग बाबांनी कर्टिसला समोर उभं करून नियम सांगितला. तो त्यांनी हजारो माणसांना सांगितला असेल. "पक्ष्याच्या मागे आकाश दिसलं तरच चाप ओढायचा. आकाश नसेल तर पक्षी गेला. जाऊ द्यायचा. उद्या पुन्हा भेटतो."

"आणि उद्या नाही भेटला तर?" कर्टिसने हसत विचारलं.

"तर तुझी सासू कोंबडी करेल," डॉक्टर म्हणाले.

पहिले दोन पक्षी ठरल्यासारखे निघाले. घंटी थांबली, मी हात वर केला, बाबा वळले. खरं तर मी हात उचलायच्या आधीच त्यांचं पाऊल त्या दिशेला पडलेलं असायचं. एवढ्या वर्षांचा सराव, मला वाटलं.

तिसऱ्या पट्ट्यात मी मागे पडले. ओल्या मातीचा आणि वाळलेल्या ताटांचा तो वास मला बऱ्याच वर्षांनी आला होता. मी सात वर्षांची असताना बाबांनी मला याच बांधावर डोळे मिटून उभं केलं होतं. तेव्हा फर्न नव्हती, तिची पणजी होती. "काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, घंटी. "ते तर सगळेच ऐकतात. ती थांबलेली ऐकायला शीक." मग आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. किती वेळ, कोण जाणे. शेवटी ती थांबली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि बाबांनी माझा हात दाबला होता.

मी त्या आठवणीत होते, आणि घंटी थांबलेली होती. केव्हाची, मला माहीत नाही.

फर्न डावीकडे, गवताच्या कडेला उभी होती. डॉक्टर आणि कर्टिस तिच्यामागे आपापल्या जागी थांबून बाबांची वाट बघत होते. बाबा मात्र सरळ पुढे चालले होते, ज्वारीच्या दुसऱ्या टोकाकडे.

पक्षी वाट बघत नाही. तो फडफडाट करत उठला, खालून, कमरेएवढ्या उंचीवरून, आणि ज्वारीच्या कडेने गेला. कर्टिसची नळी त्याच्या मागोमाग फिरत गेली. ती जिथे पोचणार होती तिथे बाबांची नारिंगी पाठ होती.

"बाबा!" मी ओरडले.

ते वळले नाहीत.

डॉक्टरांनी तळहाताने कर्टिसची नळी वर उडवली. बार आभाळात गेला. कणसांचे तुकडे बाबांच्या खांद्यांवर पडले, तेव्हा कुठे ते थांबले आणि त्यांनी मागे पाहिलं.

"ते मध्येच आले," कर्टिस म्हणाला. "मला दिसलेच नाहीत."

"सकाळी काय सांगितलं होतं त्यांनी? आकाश होतं तिथं?" डॉक्टर त्याच्याकडे न बघताच म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. "मारित, तू ओरडलीस ते पार ग्रीन बे शहरापर्यंत गेलं असेल."

बाबा परत येऊन फर्नजवळ वाकले होते, आमच्याकडे पाठ करून. तिच्या बरगड्या चाचपून बघत होते. डॉक्टर दोन पावलं पुढे झाले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अर्विड, तुझ्या घराला आग लागलीय."

बाबा फर्नच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

डॉक्टर वळसा घालून त्यांच्यासमोर गेले. "केव्हापासून?"

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "उजवा कान जाऊन दोन वर्षं झाली. एकट्या डाव्यानं दिशा कळत नव्हती, तोही ह्या उन्हाळ्यात गेला."

"यंत्र नाही बसवलंस?"

"बसवलं. इथं आलं की त्यात नुसता वारा ऐकू येतो. खणात ठेवलंय."

"आणि कुत्रीमागं फिरत होतास? घंटीशिवाय?"

"पक्षी मीच ठेवतो, हार्लन. कुठं आहेत ते मला ठाऊक असतं."

राखीव रानातले पक्षी पहाटे वाटाड्याच गवतात ठेवून येतो. त्यांची मान पंखाखाली घालायची, दोन झोके द्यायचे आणि गुंगलेल्या पक्ष्याला अलगद गवतात निजवायचं. गिऱ्हाइकांना हे माहीत असतं, पण कोणी बोलत नाही. सांताक्लॉज खरा नसतो हे घरातली मोठी माणसं पोरांसमोर बोलत नाहीत तसं. दोन वर्षं बाबा आपण निजवलेल्या पक्ष्यांपर्यंत आठवणीने चालत गेले होते, आणि सगळे म्हणत होते, अर्विडचा कान बघा.

"हा तू ठेवलेला नव्हता," डॉक्टर म्हणाले.

"नाही. गेल्या आठवड्यातला सुटलेला असेल." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "मला वाटलं होतं, पोरगी बरोबर असली की निदान हा मोसम निघेल."

माझा हात वर का गेला नाही, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरच्या अकरा वर्षांतही नाही. मी अनेकदा सांगायला बसले आणि कॉफीचं बोलून उठले. या मार्चमध्ये ते गेले.

"जोआनला दुपारी मी सांगेन," ते म्हणाले. जोआन म्हणजे रानाची मालकीण. "मीच. तुमच्यापैकी कोणी नाही."

"तिला सांगितलंस तर ती उद्यापासून—"

"म्हणूनच सांगायचं."

कर्टिस बुटाने माती उकरत होता.

"एक राहिलाय ना?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं, ओठ नीट हलवत.

"ओढ्याजवळ."

"मग चल. सकाळपासून पोटात सॉसेजशिवाय काही नाही माझ्या. आटपू."

बाबा पुढे निघाले. त्यांची पाठ वळताच डॉक्टरांनी आपली दुनळी बंदूक मधून वाकवून उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि कर्टिसकडे पाहिलं. त्यानेही तसंच केलं.

ओढ्याकाठच्या पिवळ्या गवतात फर्न उभी राहिली. मी हात वर केला. बाबांनी मान हलवली आणि ते तिच्या बाजूने पुढे गेले, सावकाश, पावलाने गवत चाळत. फेजंट त्यांच्या बुटाखालून उसळला. तांब्याच्या रंगाचा, लांब शेपटीचा, आणि सरळ वर, जसा प्रत्येक गिऱ्हाईक स्वप्नात बघतं तसा. त्याच्यामागे सगळं आकाश होतं. तो ओढा ओलांडून गेला, पलीकडच्या मक्याच्या कापलेल्या रानावरून गेला, पंख न हलवता तरंगत गेला. तो ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत बाबा बघत होते.

मग ते वळले. "चुकवलास?"

"ऊन आलं डोळ्यांवर," डॉक्टर म्हणाले.

सकाळपासून आभाळ राखेसारखं होतं. बाबांनी डॉक्टरांच्या हातावरची उघडी बंदूक पाहिली. मग मान वर करून थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "ह्या दिवसांत ऊन फार तिरकं येतं."

आणि खाली बसून ते फर्नच्या केसांत अडकलेली गोखरं एकेक करून काढू लागले. आम्ही तिघं उभे होतो. कोणालाच घाई नव्हती.