लाल पट्टे, पिवळं लोणी

माझ्या नवऱ्याच्या, लॉनीच्या, गणवेशाच्या डाव्या बाहीवर सहा तिरपे पट्टे होते, अमेरिकी नौदलातल्या दर चार वर्षांमागे एक. सगळे लाल. सलग बारा वर्षं शिक्षा न होता काढली की ते सोनेरी होतात. पण लॉनीची बारा वर्षं कधी भरायचीच नाहीत. एकदा नेपल्सच्या बंदरातून त्यानं जहाजावर चक्क बोकड चढवला, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

या खेपेला मात्र फक्त आजचा दिवस उरला होता. उद्या सकाळी सोनेरी. मी त्याला सांगून ठेवलं, "आज शिंकायचं असेल तर मला विचारून शिंक."

म्हणून जेवण घरच्या अंगणातच ठेवलं. आमच्या नॉरफोक बंदरातल्या माणसाला खेकडे उकडायला निमित्त लागत नाही. तेवढ्यात टटल आला. लॉनीबरोबरच भरती झालेला, पण बाही केव्हाच सोनेरी. कुठल्याशा समारंभातून तो पूर्ण गणवेशात थेट आमच्याकडे आला, आणि बाही पुढे करूनच बसला.

"लाल बरा रे लॉनी," तो खेकडा फोडत म्हणाला. "तिखट सॉस सांडला तरी कळत नाही."

लॉनी हसला.

"वहिनी, बोकडाला तरी पट्टे मिळाले का हो? वर्तणूक त्याचीच बरी होती."

लॉनीचे कान लाल झाले. मूठ टेबलाखाली गेली. लॉनी आता बारा वर्षं मातीत घालणार. एका ठोशाचा प्रश्न होता.

खेकड्यासाठी वितळवलेल्या लोण्याचं भांडं माझ्या हाताशीच होतं. मी उठले आणि ते टटलच्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश ओतलं.

"सोनेरीवर लोणी कळत नाही ना, भावजी?"

टटल लॉनीकडे वळला. "तुझी बायको—"

"तिची भरती झालेली नाही," लॉनी दोन्ही हात वर करून म्हणाला. "मी तर जागचा हललोसुद्धा नाही." मग तो इतका हसला की खुर्चीसकट मागे पडला.

सकाळी मी लाल पट्टे उसवले आणि सोनेरी शिवले. लॉनी आरशासमोरून हलेना. डोळे पुसायचा, परत बघायचा. मलाही भरून आलं.

मग त्यानं उसवलेला एक लाल पट्टा उचलला, सुईत दोरा ओवला आणि माझ्या घरच्या झग्याच्या डाव्या बाहीवर तो तिरपा शिवून दिला. टाके वेडेवाकडे होते. शिवून झाल्यावर मला कडक सलाम ठोकला.

तो झगा मी अजून वापरते.