पोस्टरवरची मुलगी

फोटो काढला तेव्हा सई खरंच पेंगत होती, आणि तो इतका चांगला आला तो त्यामुळेच.

गराजमध्ये उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर आश्लेषानं तिला निजवलं होतं. अंगावर जुनी विटकी रजई. गराजचं दार लावलेलं, थंडी मी म्हणत होती आणि सईच्या श्वासानं काचा धुरकटल्या होत्या. "मम्मा, डन?" म्हणत तिनं काचेवर पंजा टेकवला, पलीकडे तिचा चेहरा अर्धवट पुसल्यासारखा झाला, आणि नेमकं त्याच वेळी आश्लेषानं बटण दाबलं.

हे सगळं शोभनाकाकूंच्या डोक्यातून निघालेलं. काकू अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष. यंदाच्या मिसळ नाइटचे पैसे बेघर कुटुंबांना द्यायचे, असं त्यांनी परस्पर जाहीरच करून टाकलं होतं. काउंटीत एक लहानशी संस्था होती. पोराबाळांसकट गाडीत दिवस काढणाऱ्या आईबापांना ती हिवाळ्यापुरत्या मोटेलमध्ये खोल्या घेऊन द्यायची. पण अशी माणसं आपल्या इथे आहेत हेच मंडळात कुणाला पटेना. "अ‍ॅशबर्नमध्ये? काहीतरीच काय!" म्हणून पोस्टरवर फोटो हवा. संस्थेनं मुलांचे फोटो द्यायला साफ नकार दिला.

"मग आपल्याच एखाद्या पोराचा काढू," काकू मीटिंगमध्ये म्हणाल्या. "आश्लेषा, तुझ्याकडे तो भला मोठा कॅमेरा नुसता पडून आहे ना? आणि तुझी सई कशी छान काडी आहे. बाकी आपल्या मंडळातली सगळी तुपावर वाढलेली."

सगळे हसले. आश्लेषाही हसली. नागपूरला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून, नवऱ्याच्या, निमिषच्या, व्हिसावर इथे अमेरिकेत येऊन ती इतकी वर्षं घरी बसलेली होती. हे तुझं काम, तूच कर, असं किती दिवसांनी कुणीतरी तिला म्हणालं होतं. तिनं उजेड बघितला, रजई बघितली, सईची वेणी मुद्दाम विस्कटली. पोरीला समजावून सांगितलं, "आपण काय करायचं, की आपलं घरच नाहीये. आपण इथेच राहतो, या गाडीत. कळलं?" सईनं मान डोलावली होती.

कौतुकानं तिनं फोटो आईला पाठवला. नागपूरहून लगेच व्हिडिओ कॉल.

"कोणाची गं ही पोर? अगं बाई, आपली सई? गाडीत कशाला निजलीय?"

आश्लेषानं सांगितलं. आईनं चष्मा काढला, परत लावला.

"कुठे काढलास हा?"

"गराजमध्ये."

"म्हणजे घरातच."

"आई, आता तू सुरू नको होऊस हं."

"मी कुठे काय म्हणतेय? वास्तू तथास्तु म्हणत असते, एवढंच. घरात बसून माणसानं अभद्र बोलू नये. तू तर चांगलं निजवून दाखवलंस."

"भाड्याचं टाउनहाउस आहे, आई. प्लायवुडचं. त्याला कसली आलीय वास्तू!"

"प्लायवुडला कान नसतात होय गं?"

दोघीही हसल्या. फोन ठेवला आणि घर एकदम गप्प झालं. गप्प म्हणजे कसलं, घरामागच्या डेटा सेंटरची घरघर रात्रंदिवस चालूच असायची. राहायला आल्यावर आठवडाभर ती जाणवली होती, मग सवयीनं कानाआड झाली. त्या दुपारी ती पुन्हा ऐकू आली. कुणीतरी तोंड मिटून हुंकार भरावा तशी.

पोस्टर सगळीकडे लागलं. इंडियन ग्रोसरीच्या दारावर, डान्स क्लासमध्ये, देवळात चपला काढतात तिथे. खाली मोठ्या अक्षरांत, 'ही मुलगी आज कुठे झोपणार?' व्हॉट्सअ‍ॅपवर तर तो फोटो गावभर झाला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, पैसे येऊ लागले, काकू फोन करून करून शाबासकी देऊ लागल्या. आणि आश्लेषा जिथे जाईल तिथे सई काचेमागून तिच्याकडे बघत होती.

"बघ बघ, कोण आहे ही?" ग्रोसरीत तिनं सईला दाखवलं. आवाज मुद्दाम मजेत ठेवला.

"आय डोन्ट नो."

"अगं तू! तूच नाही का?"

सईनं नीट निरखून पाहिलं. "दॅट्स नॉट मी. शी लिव्ज इन द कार."

त्यानंतर सीटच्या खाचेत बिस्किटं सापडायला लागली. अर्धं केळं. सईचा एक मोजा, मग दुसरा. विचारलं तर शांतपणे उत्तर, "शी गेट्स कोल्ड, मम्मा." आणि सकाळी शाळेत निघताना काच धुरकटली की तिच्यावर पाच बोटं उमटायची. आश्लेषानं ती काच साबणानं धुतली, मग व्हिनेगरनं पुसली, तरी थंडी पडली की बोटं हजर. त्वचेचं तेल काचेला धरून राहतं, वाफ तेवढी जागा सोडते. हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती तिकडे न बघता गाडी मागे घ्यायची.

एका दुपारी ती हट्टालाच पेटली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, फोनवर तो फोटो उघडून ओट्यावर ठेवला आणि त्याच्यावरून मूठ उतरवून टाकली तापल्या तव्यावर. मिरच्यांचा ठसका उठला नि स्मोक अलार्म जे केकाटायला लागला!

निमिष वरच्या खोलीतून धावत आला. "काय चाललंय यार? कॉलवर होतो मी!"

"दृष्ट काढत होते."

"सईची? ती तर शाळेत आहे."

"फोटोची."

निमिष हसायला लागला, खोकत खोकत खुर्चीवर चढून त्यानं अलार्म बंद केला, आणि उतरेपर्यंत त्याचं हसू मावळलं होतं.

"टीममधले दोघे गेले आज," तो म्हणाला. "मी नाही. अजून तरी नाही."

त्याची नोकरी गेली तर व्हिसा जाणार, घर जाणार, शाळा जाणार, सगळं एकदमच. हे दोघांनाही पाठ होतं. तव्यावर मोहरी अजून तडतडत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन. काउन्सेलर बाई, आवाज लोण्यासारखा. सई वर्गात म्हणाली की आमच्या गाडीत एक मुलगी झोपते आणि तिला थंडी वाजते. आम्ही फक्त काळजीपोटी विचारतोय. घरी सगळं ठीक आहे ना? सई कुठे झोपते?

"तिच्या बेडवर! स्वतःची खोली आहे तिला," आश्लेषा म्हणाली. मग पोस्टरची सगळी हकिकत सांगत हसली. हसू जरा जास्तच वर गेलं. पलीकडून बाई "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" म्हणत होत्या, आणि त्यांच्या 'ऑफ कोर्स'च्या मागे टाइप केल्याचा टकटक आवाज येत होता.

ती तडक शोभनाकाकूंकडे गेली. काकू घमेल्याएवढ्या पातेल्यात मटकी भिजत घालत होत्या.

"काकू, तो फोटो काढून टाका."

"वेडी की काय! परवावर आली मिसळ नाइट. मोठा बॅनर छापून आलाय."

"सगळीकडे ती दिसते मला."

"कोण? सई?"

आश्लेषाला हो म्हणवेना. काकूंनी हात पदराला पुसले आणि तिला खुर्चीवर बसवलं. "हे बघ बाळा. संस्थेची बाई म्हणाली, यंदा कुठल्याच आईला जागा नाही म्हणून परत पाठवावं लागणार नाही. पहिल्यांदाच. हे तुझ्या फोटोनं झालंय, माझ्या मिसळीनं नाही. शनिवार तेवढा जाऊ दे. मग मी स्वतः सगळी पोस्टरं फाडते."

शनिवारी शाळेचं कॅफेटेरिया माणसांनी फुलून गेलं होतं. स्टेजमागे छतापासून खालपर्यंत तो चेहरा, तो पंजा, माणसाहून मोठा. आश्लेषानं सईला त्याच्याकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः मात्र सारखी मान वळवून बघत राहिली.

संस्थेची बाई एका आईला घेऊन आली होती. रोंडा तिचं नाव. गेला हिवाळा तिनं मुलीसोबत गाडीत काढला होता, आता त्यांना खोली मिळाली होती, आणि ती माइकवर चार शब्द बोलणार होती. मुलगी जेड, सईच्याच वयाची. जांभळ्या जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून ती आईचा हात धरून स्टेजपाशी आली आणि थबकली.

"मॉम," ती म्हणाली. "दॅट्स मी."

रोंडानं वर पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. क्षणभरानं ती काकूंकडे वळली आणि इतक्या हलक्या आवाजात बोलली की जवळच्या टेबलांवरचे चमचे आपोआप थांबले. हा फोटो कुणी काढला? मी कुणालाही परवानगी दिली नव्हती. हिचा बाप कोर्टात जायची संधीच शोधतोय. पोरीला गाडीत झोपवत होते याचा पुरावा त्याच्या हाती लागला, तर पोर माझ्याकडे राहायची नाही. कळतंय का तुम्हाला?

"नो, नो, नो, धिस इज..." काकूंचं इंग्रजी ऐनवेळी पळून गेलं. त्यांनी आश्लेषाकडे बघितलं.

आणि आश्लेषाला काय वाटलं? तिला हलकं वाटलं. छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उचलल्यासारखं. घ्या, ही तुमची आहे. तुमची पोर, तुमची गाडी. पोर स्वतः 'ती मीच' म्हणतेय, आई ओळखतेय, मग आणखी काय हवं? तिला काही बोलायचंच नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. या दोघी दाराबाहेर जातील आणि ती काचेमागची मुलगी त्यांच्यामागून निघून जाईल, पुन्हा आपल्या घराकडे न येण्यासाठी.

रोंडा मात्र निघाली नव्हती. तिचा एक हात जेडच्या टोपीवर होता, आणि नजर भिरभिरत होती. दारं किती, फोन कुणाकुणाच्या हातात, कोणी पाहिलं, कोणी नाही. पोस्टर लागल्यापासून रस्त्यात, दुकानात, शाळेच्या फाटकाशी आश्लेषाही अशीच बघायची. रोज.

ती उठली. निमिषनं "आशू?" म्हणून तिची बाही धरली, ती सुटली.

"माझी मुलगी आहे ती," ती इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पोस्टरवर. ती माझी आहे. आमच्या गाडीत, मीच काढलाय."



रोंडाला ते पटलं नाही. "माझं लेकरू मला ओळखता येत नाही?"

"सई, इकडे ये बेटा. सांग यांना, हा कुणाचा फोटो?"

सई आली. तिनं बॅनरकडे पाहिलं, मग जेडकडे. दोघी एकमेकींकडे बराच वेळ बघत राहिल्या, ओळखीचं कुणी खूप दिवसांनी भेटावं तशा.

"इट्स हर," सई म्हणाली आणि बोट जेडकडे केलं.

रोंडानं जेडला घट्ट ओढून घेतलं. आश्लेषानं फोन काढला. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. तीच रजई, आणि सई उठून बसलेली, जीभ बाहेर काढून दात विचकणारी. मागे फळीवर कुकरचा खोका, आकाशकंदील, निमिषचं टेनिसचं रॅकेट. रोंडानं फोन हातात घेऊन एकेक चित्र सरकवलं. मग तिचे खांदे उतरले.

"तुम्हाला घर आहे," ती म्हणाली.

"आहे."

"मग लेकराला असं का निजवलंत?"

रोंडानं फोन परत दिला आणि जेडला जवळ घेऊन ती शेवटच्या टेबलाशी जाऊन बसली. माइकवर ती बोलली नाही.

"म्हणजे आपल्याला बनवलं की काय?" मंडळातले प्रल्हादकाका मोठ्यानं म्हणाले.

"मिसळ खरी आहे ना? खोल्याही खऱ्या आहेत," काकू कडाडल्या. "पाव घ्या आणि गप्प बसा."

बॅनर तिथल्या तिथे उतरवला. निमिष शिडीवर चढला, खालून दोघांनी धरला. गुंडाळी झाली ती बरोबर एखाद्या मुलाच्या उंचीची. कार्यक्रम आटोपल्यावर भांडी गेली, खुर्च्या गेल्या, गुंडाळी भिंतीशी उभीच. सुशांतच्या गाडीत जागा नव्हती. देवयानीकडे आधीच फार पसारा होता. "फेकून द्या ना," कुणीतरी म्हणालं, पण कचऱ्याच्या ड्रमपर्यंत तिला न्यायला कुणाचाच हात पुढे होईना. काकूही पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिल्या.

"द्या इकडे," आश्लेषा म्हणाली.

तिनं ती दोन्ही हातांनी उचलली. वाटली होती त्याहून जड. पार्किंगमध्ये तिनं गाडीचं मागचं दार उघडलं, तेव्हा सई आधीच चढून बसली होती. काही न विचारता ती बाजूला सरकली, गुंडाळी सीटवर नीट टेकवून घेतली, आणि तिच्यावरून पट्टा ओढून खटकन लावला.

"ओके, मम्मा," ती म्हणाली. "वी कॅन गो होम."