जागचा हलू नकोस

सहलीवाल्यांना वाट दाखवणारी पेत्रोना मावशी फाटकाशी उभी राहून एकेकाचं नाव मोठ्याने घेत होती, आणि व्हॅनमध्ये बसलेल्यांना वाटत होतं की हजेरी चाललीय. मॉन्तेरेय शहरातून आलेला एक जाडा नवरा प्रत्येक नावाला आतून "हजर" म्हणत होता आणि त्याची बायको खिदळत होती. मावशीची पाठ आमच्याकडे आणि तोंड याश्तोनच्या प्राचीन अवशेषांतल्या पडक्या पायऱ्यांकडे आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कधीच येत नाही.

आमच्याकडे कुठूनही निघताना नाव घेऊन हाक मारतात. माणूस उठून चालू लागतो, पण जीव कधीकधी तिथेच रेंगाळतो. एखादी जागा त्याला आवडते, नाहीतर जिथे दचकला तिथेच बसून राहतो. पोरांचा तर हमखास. म्हणून आई निघताना शालीने जमीन झटकते आणि म्हणते, चल रे, निघालो आपण. माझी बायको तिच्या काकाच्या घरून निघतानाही हे करते. त्या घरात कुणाचा जीव रमेल असं मला तरी वाटत नाही, पण तिला सांगणार कोण! मावशी मात्र तिकीट काढून आलेल्या परक्या माणसांसाठीही हाका मारायची. म्हणायची, मी घेऊन आले, तर अख्खे परत न्यायला नकोत?

सगळ्यांची नावं झाली. मग तिने आणखी एक नाव घेतलं, जे व्हॅनमधल्या कुणाचंच नव्हतं.

"बास्तियान. चल बाळा, निघालो."

ही हाक झाली की ती वळते आणि माझ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, शेजारच्या सीटवर येऊन बसते. त्या दिवशी वळली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पायऱ्यांच्या वरचा चौथरा बंद होणार होता. दगड निसटू लागले होते, परांचीचे वासे येऊन पडले होते, आणि आमच्याकडे दुरुस्ती एकदा सुरू झाली की ती संपलेली बघायला नातवंडं लागतात. मावशी साठीला टेकलेली.

बास्तियान तिचा मुलगा. चांगला दाढीमिशी असलेला बाप्या, पण दिवसभर दारातल्या बाकावर बसून असतो. भरवलं तर खातो, हात धरून चालवलं तर चालतो, बघत कुणाकडेच नाही. तुस्तला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणून सांगितलं. तो सहा वर्षांचा असताना घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून मावशीने त्याला सहलीबरोबर इथे आणलं होतं. त्याला वरच्या चौथऱ्यावर बसवून ती लोकांना पलीकडची बाजू दाखवायला गेली, आणि तेवढ्यात जवळच्या झाडावर वीज पडली. पळापळ झाली. एका पहारेकऱ्याने पोराला उचलून खाली आणलं, मावशीने घाबरलेली माणसं गाडीत कोंबली, आणि त्या गडबडीत पोराच्या नावाची हाक राहून गेली. त्या दिवसापासून तो असा. एवढं अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

तेव्हापासून प्रत्येक सहलीला ती त्याला हाक मारत आली, पण फाटकावरून. वर ती कधी गेली नाही. वरच्या चौथऱ्याची माहिती खालूनच बोट दाखवून सांगते. राजा इथे बसायचा, कैदी तिथे उभे करायचे, आणि माझे गुडघे आता राजाला भेटण्याच्या लायकीचे राहिले नाहीत. लोक हसतात. मी तिला मक्याचं पोतं पाठीवर घेऊन टेकडी चढताना पाहिलंय. गुडघे ठणठणीत आहेत.

मी उतरून तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, उशीर होतोय.

"आज तरी यायला हवा होता रे," ती म्हणाली. "हट्टी नव्हता तो. उलट फार ऐकायचा. त्या दिवशी म्हटलं होतं, जागचा हलू नकोस, मी येईन तुला हात धरून न्यायला. वीज पडली तरी हलला नाही."

माझी जीभ डोक्याच्या आधी चालते, हे बायको रोज ऐकवते.

"मग मावशी, हाका मारून कसा येईल तो? हलू नको असं तूच सांगितलंस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. चुलीवर घेवडा तसाच ठेवून आल्याचं वाटेत आठवावं, तसा तिचा चेहरा झाला. बोलून गेल्याचं मला लगेच वाईट वाटलं. मी डिझेलवर भरवसा ठेवणारा माणूस. असल्या गोष्टी मी ऐकतो, मान डोलवतो आणि सोडून देतो. पण मावशी शाल खोचून पायऱ्यांकडे निघालीसुद्धा. पहारेकरी वेळ संपल्याचं सांगू लागला, त्याला मी हातानेच गप्प केलं.

ती चढत गेली आणि वरच्या भिंतीआड दिसेनाशी झाली. दिवसभर रानात ओरडणारी माकडं कधी थांबली ते मला कळलं नाही, पण थांबली होती. व्हॅनमधलं हसणंही थांबलं.

मग ती उतरताना दिसली. उजवा हात अंगापासून थोडा दूर आणि खाली धरलेला. याश्तोनच्या पायऱ्या मोठ्या माणसाच्याही गुडघ्याला लागतात. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती, तो हात जरासा वर उचलत होती, खाली टेकवत होती, आणि मग स्वतः उतरत होती. लहान पोराला असंच उतरवतात.

व्हॅनच्या शेवटच्या बाकावर पुएब्लाच्या एक निवृत्त शिक्षिका, अम्पारो बाई, एकट्याच बसल्या होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मावशी आत आली तशी त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीला चिकटून बसल्या. मावशी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये जागा राहिली.

घाटात तिने हाक दिली. "रोसेन्दो, थांब जरा. वळणांनी मळमळतंय त्याला."

मी गाडी थांबवली. ती रस्त्याच्या कडेला वाकून उभी राहिली, एक तळवा हवेत कपाळ धरल्यासारखा, दुसऱ्याने कुणाची तरी पाठ चोळत. मग शालीच्या टोकाने काहीतरी पुसलं, स्वतःचं तोंड नव्हे. दिवसभर दगडांचे फोटो काढणाऱ्यांपैकी एकानेही फोन वर केला नाही. पुढचा सगळा घाट मी आरशात न बघता उतरलो. ड्रायव्हरने असं कधी करू नये.

चौकात सगळे उतरले. अम्पारो बाई मावशीला "येते" म्हणाल्या, आणि मग नजर थोडी खाली नेऊन पुन्हा म्हणाल्या, "येते हं."

मी मावशीबरोबर घरापर्यंत गेलो, कारण कुंपणाचं दार उघडायला तिचा हात मोकळा नव्हता. दिवेलागणीची वेळ होती. बास्तियान नेहमीसारखा बाकावर होता, बाजूला शेजारणीने ठेवलेली ताटली. मावशी त्याच्यासमोर वाकली. इतका वेळ धरून आणलेला हात तिने त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं मिटवली.

"पोचलो बघ घरी."

काही झालं नाही. मी चुळबुळ करत उभा, आता हिची समजूत कशी घालायची याचा विचार करत. तेवढ्यात बुडी मारून वर आलेल्या माणसासारखा त्याने श्वास घेतला आणि मान वर केली. त्याचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं. त्याने दार पाहिलं, मला पाहिलं. स्वतःच्या हातावरचे केस पाहिले आणि काही लागलंय असं वाटून ते पुसायला गेला. खालचा ओठ थरथरू लागला. मग त्याने मावशीकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या वेण्यांकडे, सुरकुत्यांकडे, परक्या घरी पोरं जसं शहाण्यासारखं बघतात तसं.

"आजी," तो म्हणाला. आवाज बाप्याचा, बोलणं पोराचं. "माझी आई कुठाय?"

मला वाटलं, हिला सावरावं लागेल. मी काही बोलणार तोच तिने मानेनेच नको म्हटलं.

"कामावर गेलीय, बाळा. लोक असतात ना तिच्याबरोबर."

"पण ती मला तिकडे शोधेल."

"नाही शोधणार. तिनेच पाठवलं मला तुला आणायला."

त्याने बराच विचार केला. बहुधा पटलं. तिने ताटलीतल्या भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला, तर म्हणाला, मी माझा खातो, आणि ताटली मांडीवर ओढून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या हाताने जेवत होता, आणि प्रत्येक घासाला तिच्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे बघत होता.

मावशी थोडी बाजूला सरकून बसली, त्याला रस्ता नीट दिसावा म्हणून.