मुळांना न सापडलेली फट

इस्पितळाचा नवा विभाग उभा राहिला होता. त्याला वीज आणि फोन द्यायचे म्हणून दोघी बहिणी एकाच सकाळी रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरल्या. थोरली विजेच्या केबलचे जॉइंट करायची, धाकटी फोनच्या फायबरचे. खाती वेगळी, हट्ट मात्र एकाच आईकडून आलेला.

जॉइंटवर कवच कुठलं चढवायचं, यावरून आठवडाभर त्यांची जुंपली होती. थोरली म्हणे, साच्यात राळ ओतावी. ती दगडासारखी घट्ट झाली की पाण्याची काय बिशाद! धाकटीला रबरी कड्याचं, पुन्हा उघडता येणारं घुमटासारखं कवच हवं होतं. फायबर केसाएवढ्या, उद्या आणखी एक फाटा काढायचा झाला तर दगड फोडत बसायचं का, असा तिचा सवाल.

"झाकण आलं की फट आली," थोरलीने निकाल देऊन टाकला होता.

पंपाने चेंबरमधलं पाणी उपसलं. ज्यातून नवा फाटा काढायचा, त्या जुन्या फायबरचं कवच जिथे असायला हवं, तिथे भिंतीवर मुळांचा भलामोठा गोळा लोंबत होता. कडेच्या झाडाने भेगेतून मुळं आत सोडली होती. धाकटी ती एकेक करून कापत गेली, तसा आतून घुमट दिसू लागला. त्यावर रंगाने तारीख घातली होती, एकोणीस वर्षांपूर्वीची. मुळं सगळ्यात दाट होती ती घुमट आणि बूड जुळतात त्या सांध्यावर. तिथे ती दोऱ्याहून बारीक होऊन, इंच न् इंच चाचपत पूर्ण वेढा घालून आली होती.

आत चिखल झाला असणार, असं थोरली पुटपुटली. धाकटीने कवचाचा पट्टा सोडवला आणि घुमट अलगद उचलला.

आत सगळं कोरडं होतं. ओलावा टिपणारी पुडी हलवली तर खुळखुळली. तबकात फायबर कुणीतरी निगुतीने गुंडाळल्या होत्या तशाच होत्या.

"आत्ता यातून काही जातंय?" थोरलीने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"सगळं. रुग्णांचे अहवाल, डॉक्टरांचे फोन. एक क्षण थांबलेलं नाही."

थोरलीने पुढे केलेला हात मागे घेतला, झोपलेल्या बाळावरून घ्यावा तसा. मग तिने रबरी कडं निरखलं. ते अजून मऊ होतं, आणि त्याच्या खाचेत वाळूचा एक कणही नव्हता. बसवणाऱ्याने ती पुसायला किती वेळ घेतला असेल! हे कुणाचं काम, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

विजेचा जॉइंट राळेतच गेला. तो पुन्हा उघडायचा नव्हता. फायबरचा फाटा जोडून झाल्यावर घुमटाचं नवं कडं थोरलीने मागून घेतलं आणि खाच स्वतः पुसली. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा.

कवचात हवा भरून त्यांनी सांध्यावर साबणाचं पाणी लावलं आणि दोघी श्वास रोखून पाहत राहिल्या. एकही बुडबुडा आला नाही.

पंप बंद केला. भिंतीतून पाणी पाझरू लागलं, बुडाशी आलं, घुमटावर चढलं. दोघी वर येऊन चेंबरच्या काठावर बसल्या होत्या. घुमट पूर्ण दिसेनासा झाला, तरी झाकण लावायला कुणीच उठलं नाही.