बारावी सळई

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. पोलादाची सळई गरगर फिरवायची आणि धारदार हत्याराने तिला सोलून गुळगुळीत करायची, हे माझे आयुष्यभराचे काम. बास्क मुलुखातल्या एल्गोइबार गावी, देबा नदीच्या काठी माझा जन्म झाला. पूर्वी मी एका छोट्या कारखान्यात होतो. आता गावाच्या टोकाला असलेल्या यंत्रसंशोधन केंद्रात आहे. इथे कसा आलो, ते सांगतो.

माझे अंग बिडाचे. साच्यातून निघाल्यावर मला लगेच कामाला जुंपले नाही. वर्षभर उघड्यावर, पावसात ठेवले. ओतून थंड झालेल्या बिडाच्या पोटात ताण राहतो. तो निवण्याआधी घडवले, तर यंत्र पुढे वाकडे होते. मग साबिन नावाच्या कारागिराने माझी बैठक हाताने खरवडून सपाट केली. निळा रंग लावायचा, त्यावर सपाट पट्टी घासायची, उंचवटा दिसला की खरवडायचा, पुन्हा रंग लावायचा. असे सहा आठवडे. त्याच्या चिकाटीचे उपकार मी अजून विसरलो नाही.

पुढे ओलाइझोला कुटुंबाच्या कारखान्यात मी मासेमारी होड्यांचे दांडे घडवू लागलो. होडीचा पंखा ज्या दांड्यावर फिरतो, तो हा दांडा. माझ्यावर काम करायचा केपा उन्सुएता. बाविसाव्या वर्षी तो माझ्यापाशी आला आणि छत्तीस वर्षे राहिला. सकाळी आल्या आल्या तो मला तेल द्यायचा आणि रिकामाच फिरवून माझा आवाज ऐकायचा. मगच स्वतःची कॉफी घ्यायचा. ओन्दारोआ बंदरातले कोळी दांडा न्यायला आले की ‘केपाच्या हातचा आहे ना?’ असे विचारत. मला फार बरे वाटे.

मग एक वाईट हिवाळा आला. त्या हिवाळ्यात आमचे तीन दांडे मोडले. तिसरा मोडला तेव्हा होडीत पाच माणसे होती. चार तास ती होडी लाटांबरोबर खडकांकडे वाहत गेली. शेवटी दुसऱ्या होडीने दोर टाकून तिला ओढून आणले. माणसे वाचली, पण आमची अब्रू गेली.

केपाचे हात तेव्हा थरथरू लागले होते. दोष कुणाला द्यायचा, हे ठरायला वेळ लागला नाही. अकराच्या सुट्टीत इन्यिगो नावाचा कामगार सगळ्यांसमोर म्हणाला, “केपाच्या हाताला भूकंप आणि मशीनला सांधेदुखी. दांडे मोडणार नाहीत तर काय होणार?” सगळे हसले. केपाने हातातला ऑम्लेट-पाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

खरे तर तीन महिन्यांपूर्वीच केपाने मालकीणबाईंना सांगितले होते, की नव्या साठ्यातल्या काही सळया सोलताना मध्येच अडखळतात. मलाही ते जाणवत होते, पण मला वाचा कुठली! सळयांसोबत तपासणीचा कागद होता आणि त्यावर सगळे ठीक लिहिले होते. कागदापुढे केपाचे काही चालले नाही. मालकीण मिरेन मनाने वाईट नव्हती, घाबरली होती. वसंतात तुम्ही घरी बसा, असे तिने केपाला सुचवले, आणि मला भंगारात काढायचे ठरवले.

नवे यंत्र कोणते घ्यावे, हे विचारायला ती या केंद्रात आली. इथल्या गाराझी नावाच्या इंजिनीअर मुलीने तिला एवढेच विचारले, की जुने नेमके कशाने बिघडले हे कळले का? मग आधी मलाच इथे आणून तपासायचे ठरले. चौथ्या दिवशी मला ट्रकवर चढवले. मला चालवणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून केपाही आला.

गाराझीने माझ्या अंगाला जागोजागी बटणाएवढे सेन्सर चिकटवले. माझी प्रत्येक थरथर पडद्यावर रेघ होऊन उमटू लागली. मित्रांनो, ‘तुला काय जाणवते?’ हे मला जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारत होते!

मग मिरेनसमोर तिने जुन्या-नव्या साठ्यातल्या बारा सळया मिसळल्या. कोणती कुठली, हे केपाला सांगितले नाही, आणि पडदाही त्याच्याकडे पाठ करून ठेवला. केपाचा हात थरथरत होता. पण माझ्या हँडलवर टेकला आणि शांत झाला. एकेक सळई सोलत तो सांगू लागला : ही बरी, ही बरी, ही नाही. अकरा सळयांपर्यंत त्याचे बोलणे आणि पडद्यावरची रेघ तंतोतंत जुळली.

बारावीला तो मध्येच थांबला. “इथं काहीतरी आहे.”

“काका, रेघ तर सरळ आहे,” गाराझी म्हणाली. “पडद्यावर काहीच दिसत नाही.”

“पडद्याला दिसत नसेल. पोरी, इथंच कापून बघ.”

तिने सळई तिथेच कापली, तुकडा घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग उठून तिने मिरेनला तिथे बघायला बसवले. पोलादाच्या पोटात, ते ओतताना अडकलेल्या मळीचा, केसाहून बारीक धागा राहून गेला होता. मोडलेले दांडे तपासले, तर तेही अशाच धाग्यांपासून तडकत गेले होते.

मिरेनचा चेहरा उतरला. “केपाकाका, तुम्ही आधीच सांगितलं होतंत. मी कागदावर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही. चुकलं माझं.”

“ते राहू दे,” केपा म्हणाला. “आधी त्या साठ्यातले बाकीचे दांडे होड्यांवरून काढून आण. माणसं रोज समुद्रावर जातायत.”

त्या आठवड्यात तेवीस दांडे परत आले. त्यांतला एक निम्म्यापर्यंत तडकलेला होता. ती होडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. इन्यिगोने तो दांडा हातात घेऊन पाहिला आणि केपाजवळ येऊन मान खाली घालून उभा राहिला. केपाने त्याला अर्धा ऑम्लेट-पाव दिला. इतकेच.

माझ्यातही एक खोट सापडली, ती लपवत नाही. माझे पुढचे बेअरिंग झिजले होते. दांडे त्यामुळे मोडले नव्हते, तरी इथल्या लोकांनी ते मायेने बदलून दिले. मिरेनने नवे यंत्र घेतले, पण मला भंगारात दिले नाही, केंद्राला दिले. केपा आठवड्यातून दोन दिवस इथे येऊ लागला. त्याच्या बोटांना नेमके कुठे कळते, हे गाराझी त्याला पुन्हापुन्हा विचारी आणि सेन्सर तिथे सरकवी. बारावी सळई ओळखणारा सेन्सर तयार व्हायला दोन वर्षे लागली. आज तो या खोऱ्यातल्या कितीतरी कारखान्यांत बसवलेला आहे.

मागच्या महिन्यात केपा आला होता. त्याची बोटे आता बधिर झाली आहेत. सवयीने त्याने माझ्या हँडलवर हात ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली आणि हसला.

“मला आता काही कळत नाही, पोरी. तू सांग, मी ऐकतो.”

गाराझीने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि पडद्यावरची रेघ ती त्याला सावकाश वाचून दाखवू लागली. मला काय जाणवते आहे, ते तो डोळे मिटून ऐकत होता.

मित्रांनो, मी भाग्यवान. तुमच्या आसपास एखादे जुने यंत्र किंवा एखादे थकलेले माणूस असेल, तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा विचारा, तुला काय जाणवते? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.