आपटा समजून लुटलेला अंजन

मित्रांनो, मी एक जुना वृक्ष आहे. तेल्हाऱ्याकडच्या एका गावाच्या शिवेवर, मुरमाड टेकाडावर उभा. माझं नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

मला आपटा म्हणायचे. दसऱ्याला गाव सीमोल्लंघनाला निघालं की माझ्याच खाली यायचं आणि सोनं म्हणून माझी पानं लुटायचं. चार पानांसाठी अख्खी फांदी मोडायचे. ती पानं थोरांच्या हाती देऊन पाया पडायचे. दुसऱ्या दिवशी सगळी केरात. आधी मला दुखायचं. मग दुखेनासं झालं. हे काही बरं लक्षण नव्हे. शेंडा वाळत आला होता, आणखी एक दसरा मला झेपणार नव्हता.

यंदा पितृपक्षात शाळेतल्या नव्या अमरीनबाई पोरांना पानांवरून झाड ओळखायला शिकवत इथवर आल्या. या जमिनीचे मालक जानराव माझ्या सावलीत बसले होते. बाईंनी माझं पान उन्हात धरलं.

"काका, हा आपटा नाही."

"कावून नाही? माह्या बापानं येथूनच सोनं नेलं."

"आपट्याचं पान एकच असते, मधात खाच असलेलं. ओढलं तर फाटते. आता हे पाहा." बाईंनी हलकेच ओढलं. दोन्ही भाग न फाटता सुटे झाले. "ही दोन पानं हायेत, एका देठावर जोडीनं. हा अंजन."

जानराव त्या पानांकडे पाहतच राहिले. "मंग आमी आजवर लोकायले अंजन वाटून रायलो का?"

पोरं खो खो हसली. माझी ओळख पटली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मग पोरांनी विचारलं, खरा आपटा कसा असतो? बाईंनी त्यांना नाल्याकाठी नेलं. तिथे पुरुषभर उंचीचा, शिवारातला एकुलता एक आपटा होता. त्याचं पान जाडसर, लांबीपेक्षा रुंद. परतताना बाईंनी बजावलं, अंजनाला हात लावायचा नाही, असं घरी सांगा.

पोरांनी घरी सांगितलं. आपटा कुठे आहे, तेही सांगितलं.

दसऱ्याला माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. माझ्यासमोरून सगळं गाव टेकाडाखालच्या नाल्याकडे वळलं. यंदा खरं सोनं मिळणार म्हणून जास्तच झुंबड उडाली. दिवस कलताना अमरीनबाई तिथे धावत गेल्या. आपटा मधोमध चिरला होता, एक पान उरलं नव्हतं.

"मीच दाखवला काका," त्या तिथेच उभ्या असलेल्या जानरावांना म्हणाल्या आणि रडू लागल्या. जानरावांच्या खिशातून आपट्याची दोन पानं डोकावत होती. त्यांनी त्यावर हात ठेवला.

मित्रांनो, पान ओळखा, झाडाचं नाव विचारा. पण ओळख पटली की हात आवरा. मी वाचलो. यंदा माझी सगळी पानं अंगावर आहेत, आणि मला ती नकोशी झाली आहेत.